डुकराच्या रक्तात घुसलेला जिवाणू मरत का नाही? 'स्ट्रेप्टोकॉकस सुइस'चा विषय समजून घ्या

जुलै २००५. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या दवाखान्यांमध्ये एकाच धर्तीचे पेशंट यायला लागले. अचानक चढलेला ताप, उलट्या, अंगावर जांभळट डाग आणि काही जणांचा झपाट्याने खाली जाणारा रक्तदाब. सार्सची साथ येऊन गेल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, त्यामुळे नवीन काहीतरी आलंय का, ही भीती साहजिक होती.

पेशंटची चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट सगळ्यांमध्ये सारखी निघाली. हे सगळे घरामागे चार-दोन डुकरं पाळणारे शेतकरी होते. त्यांच्या डुकरांपैकी एखादं आजारी पडलं होतं किंवा कशाने तरी मेलं होतं, आणि त्यांनी ते घरीच कापलं होतं.

ऑगस्टअखेरपर्यंत अशा २१५ केसेस नोंदवल्या गेल्या. त्यातले ६१ जण 'टॉक्सिक शॉक'मध्ये गेले आणि त्या ६१ पैकी ३८ जण दगावले.

कारण निघालं एक जिवाणू. नाव स्ट्रेप्टोकॉकस सुइस. तो नवीन नव्हता. पशुवैद्यकांना तो कित्येक वर्षांपासून माहीत होता, आणि १९९८ मध्ये चीनच्याच जिआंग्सू प्रांतात त्याने २५ जणांना गाठून त्यातल्या १४ जणांचा जीव घेतला होता.

आता प्रश्न असा, की रक्तात शिरलेल्या बहुतेक जिवाणूंचा शरीर काही मिनिटांत किंवा तासांत निकाल लावतं. मग हा गडी डुकराच्या रक्तात टिकतो कसा? याचं उत्तर शोधायला जगभरातल्या प्रयोगशाळा गेली काही दशकं कामाला लागल्यात. त्या उत्तरावर डुकरांना किती अँटिबायोटिक द्यावं लागेल हे अवलंबून आहे, आणि ती अँटिबायोटिक्स माणसांच्याही कामाची आहेत.

हा जिवाणू राहतो कुठे?

नावातच पत्ता आहे. 'स्ट्रेप्टोकॉकस' म्हणजे मण्यांच्या माळेसारखे दिसणारे गोल जिवाणू, आणि 'सुइस' म्हणजे लॅटिनमध्ये 'डुकराचा'. आपला घसा बसवणारा जिवाणू याच खानदानातला.

स्ट्रेप्टोकॉकस सुइसचं कायमचं घर म्हणजे डुकराचे टॉन्सिल आणि नाक. जगात जवळपास प्रत्येक कळपात तो सापडतो. पिलू जन्माला येतानाच किंवा नंतर आईच्या नाकाला नाक लागलं की तो पिलाकडे जातो. बहुतेक डुकरं तो आयुष्यभर सोबत घेऊन फिरतात आणि त्यांना काहीही होत नाही.

गडबड होते तो टॉन्सिलमधून रक्तात उतरला की. मग पिलाला ताप येतो, सांधे सुजतात, पिलू एका कुशीवर पडून पाय झाडायला लागतं. कधीकधी तर लक्षणं दिसायच्या आधीच मरून पडतं.

म्हणजे एकच जिवाणू टॉन्सिलमध्ये भाडेकरू असतो आणि रक्तात गेला की मारेकरी होतो. या दोन्हींच्या मधली पायरी म्हणजे 'रक्तात टिकणं'. ते जमलं नाही तर पुढचं काहीच घडत नाही.

रक्तात शिरणं सोपं, टिकणं अवघड

रक्त म्हणजे जिवाणूसाठी चौकाचौकात नाकाबंदी लागलेलं शहर. तिथे त्याला मुख्यतः तीन यंत्रणांना तोंड द्यावं लागतं.

पहिली यंत्रणा म्हणजे अँटिबॉडी. या आधी भेटलेल्या जिवाणूंना ओळखतात आणि त्यांना जाऊन चिकटतात.

दुसरी यंत्रणा 'कॉम्प्लिमेंट'. ही रक्तात कायम फिरणाऱ्या प्रोटीनची फौज आहे. परका जिवाणू दिसला की ही प्रोटीन त्याच्या अंगावर बसतात. मतदानानंतर बोटाला शाई लागते, तशी ही खूण समजा. खूण लागली की हा बाहेरचा आहे हे सगळ्यांना कळतं.

तिसरी यंत्रणा म्हणजे पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल. ज्यांच्या अंगावर शाई लागलीय, त्यांना या पेशी गिळतात.

कॉम्प्लिमेंटकडे आणखी एक हत्यार आहे. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडून त्याला थेट मारणं. पण स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावर जाड भिंत असते, त्यामुळे तिथे हे हत्यार चालत नाही. त्याला संपवायचा खरा रस्ता एकच उरतो, आधी खूण करा आणि मग गिळा.

म्हणूनच या जिवाणूच्या बहुतेक सगळ्या युक्त्या एकाच दिशेने जातात. अंगाला शाई लागू द्यायची नाही, आणि लागलीच तर गिळणाऱ्याच्या हाती लागायचं नाही.

युक्ती पहिली : साखरेचा अंगरखा

या जिवाणूच्या अंगाभोवती साखरेच्या रेणूंचं एक जाड, गुळगुळीत आवरण असतं. त्याला कॅप्सूल म्हणतात. आवरणामुळे आतली प्रोटीन झाकली जातात, अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंटला नीट पकड मिळत नाही आणि न्यूट्रोफिललाही तो सहज गिळता येत नाही.

माणसांना सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रकार म्हणजे 'प्रकार २'. त्याच्या कॅप्सूलमध्ये सियालिक ॲसिड नावाची एक साखर असते. डुकराच्या आणि माणसाच्या स्वतःच्या पेशींवरही हीच साखर असते. बहुरूप्याने गावातल्याच कुणाचा तरी पोशाख चढवावा, तसा हा मामला आहे. आता एवढ्या एका साखरेवरच सगळं सोंग उभं आहे असं नाही, पण अख्खा अंगरखा काढून घेतला तर काय होतं, हे शास्त्रज्ञांनी करून बघितलंय. कॅप्सूल बनवणारे जीन बंद केलेले जिवाणू रक्तात सोडले, तर पांढऱ्या पेशी त्यांना भराभर साफ करतात.

युक्ती दुसरी : शरीराचाच पास चोरायचा

कॉम्प्लिमेंटच्या शाईचा एक धोका आहे. ती चुकून शरीराच्या स्वतःच्या पेशींवर बसली तर आपल्याच पेशी मारल्या जातील. तसं होऊ नये म्हणून रक्तात 'फॅक्टर एच' नावाचं प्रोटीन असतं. ते ज्याच्या अंगावर असेल तिथे कॉम्प्लिमेंटला ब्रेक लागतो. थोडक्यात, 'हा आपलाच आहे, जाऊ द्या' असं सांगणारा पास.

स्ट्रेप्टोकॉकस सुइसच्या पृष्ठभागावर अशी प्रोटीन आहेत जी रक्तातून हा फॅक्टर एच ओढून स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतात. पास शरीराचाच, फक्त दाखवणारा चोर.

युक्ती तिसरी : अँटिबॉडी कापणारी कात्री

शरीराला नवीन जिवाणू भेटला की सगळ्यात आधी जी अँटिबॉडी तयार होते तिचं नाव आयजीएम. आकाराने मोठी आणि कॉम्प्लिमेंटला जागं करण्यात एकदम तरबेज.

या जिवाणूकडे एक एन्झाइम आहे जे नेमकी आयजीएम कापतं. कापलेला तुकडा जिवाणूच्या अंगावर राहिला तरी त्याचा उपयोग नाही, कारण कॉम्प्लिमेंटला बोलावणारा भागच गेलेला असतो.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ही कात्री फक्त डुकराची आयजीएम कापते. माणसाची आयजीएम तिला कापता येत नाही. एका कुलपाची एकच किल्ली असते, तशी ही कात्री डुकराच्या शरीरात राहता राहता, पिढ्यानपिढ्या घासून त्याच शरीरासाठी तयार झालीय.

युक्ती चौथी : जाळं तोडायचं, पेशी फोडायच्या

न्यूट्रोफिलला जिवाणू गिळता आला नाही, तर तो शेवटचा डाव टाकतो. स्वतःचाच डीएनए बाहेर फेकून त्याचं चिकट जाळं पसरतो, म्हणजे जिवाणू त्यात अडकावेत. यावर स्ट्रेप्टोकॉकस सुइसकडे डीएनए कापणारी एन्झाइम्स आहेत. प्रयोगशाळेत ती हे जाळं तोडताना दिसलीत.

शिवाय काही वाणांकडे 'सुइलायसिन' नावाचं विष असतं. ते पेशींच्या पडद्यातल्या कोलेस्टेरॉलला धरून त्याला भोकं पाडतं. लाल पेशी फुटतात आणि पांढऱ्या पेशींनाही इजा होते. पण हे विष सगळ्याच वाणांकडे नसतं. उत्तर अमेरिकेत सापडणाऱ्या अनेक वाणांमध्ये ते नाही आणि तरीही त्यातले काही डुकरांना आजारी पाडतात. म्हणजे एकाच हुकमी पत्त्यावर हा जिवाणू खेळत नाही. एक युक्ती काढून घेतली तर दुसरी असते, आणि संशोधकांची खरी डोकेदुखी तीच आहे.

रक्तात खायचं काय?

पकडलं न जाणं ही अर्धी गोष्ट झाली. टिकायचं तर वाढायला हवं आणि वाढायला खायला हवं.

रक्तात साखर भरपूर असते, पण लोह मिळत नाही. म्हणजे लोह असतं, पण शरीराने ते कुलपात ठेवलेलं असतं. लाल पेशींमध्ये ते हिमोग्लोबिनच्या आत असतं, आणि उरलेलं ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनने धरून ठेवलेलं असतं. बहुतेक जिवाणूंना लोहाशिवाय वाढता येत नाही, त्यामुळे हा शरीराचा एक प्रकारचा रेशन बंद कार्यक्रम असतो.

डुकरांच्या इतर काही जिवाणूंनी यावर तोडगा काढलाय. डुकरांना जीवघेणा न्यूमोनिया देणारा ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी घ्या. तो ट्रान्सफेरिनला पकडून त्यातलं लोह काढून घेतो. पण त्याला फक्त डुकराचंच ट्रान्सफेरिन पकडता येतं, माणसाचं नाही. असले जिवाणू डुकरापुरतेच राहतात, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

स्ट्रेप्टोकॉकस सुइस इथेही वेगळा निघाला. त्याच्या वाढीसाठी लोहापेक्षा मँगेनीज जास्त महत्त्वाचं असल्याचं प्रयोगांमध्ये दिसलंय. ज्या रेशनवर शरीराने कुलूप लावलं, त्यावर याचं फारसं अडत नाही.

मग सगळी डुकरं का मरत नाहीत?

एवढ्या युक्त्या असताना जिवाणू घेऊन फिरणारी बहुतेक डुकरं ठणठणीत कशी? आणि बळी पडतात ती मुख्यतः पिलंच का?

याचं उत्तर आईच्या पहिल्या दुधात आहे.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून अँटिबॉडी मिळतात. डुकरात असं होत नाही. डुकराच्या वारेची रचनाच अशी असते की आईच्या अँटिबॉडी पिलापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे पिलू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात अँटिबॉडी जवळपास नसतातच. त्या त्याला मिळतात चिकातून. गाय व्यायल्यावर ज्या चिकाचा आपल्याकडे खरवस करतात, तोच प्रकार. त्यातही वेळेची अट आहे, कारण पिलाचं आतडं या अँटिबॉडी आख्ख्या रक्तात जाऊ देतं ते साधारण पहिल्या दिवसापुरतंच.

आईकडून आलेली ही शिदोरी हळूहळू संपते. पिलाचं स्वतःचं शरीर अँटिबॉडी बनवायला शिकत असतं, पण त्याला वेळ लागतो. जुनी शिदोरी संपलीय आणि नवी अजून तयार नाही, अशी काही आठवड्यांची एक फट तयार होते.

व्यापारी वराहपालनात पिलाचं दूध तोडतात ते साधारण तीन ते चार आठवड्यांचं असताना. म्हणजे बरोबर या फटीच्या तोंडावर. एकाच वेळी आई सुटते, खाणं बदलतं, जागा बदलते आणि अनोळखी पिलांच्या गर्दीत राहावं लागतं. या आजाराच्या सगळ्यात जास्त केसेस दूध तोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत दिसतात, हा योगायोग नाही.

त्यात एखाद्या विषाणूचा आजार आला तर विचारूच नका. डुकरांच्या पीआरआरएस या विषाणूजन्य आजारात फुप्फुसातल्या पहारेकरी पेशीच कमजोर होतात आणि या जिवाणूला रान मोकळं मिळतं. पीआरआरएस भारतात पहिल्यांदा सापडला तो २०१३ मध्ये, मिझोराममध्ये.

ही फट मोजायची पद्धत अगदी साधी आहे. पिलाचं रक्त नळीत घ्यायचं, त्यात मोजून जिवाणू सोडायचे, शरीराच्या तापमानाला दोन-एक तास हलवत ठेवायचं आणि पुन्हा जिवाणू मोजायचे. आकडा घटला तर रक्त जिंकलं, वाढला तर जिवाणू. एकच वाण एका पिलाच्या रक्तात मरतो आणि दुसऱ्या पिलाच्या रक्तात वाढतो. त्यातला मोठा फरक असतो त्या रक्तात कोणत्या अँटिबॉडी किती आहेत याचा.

म्हणजे जिवाणू अजिंक्य वगैरे काही नाही. त्याला ओळखणारी अँटिबॉडी पुरेशी असेल तर त्याचे सगळे अंगरखे आणि पास कमी पडतात.

माणसापर्यंत कसा पोचतो?

माणसातल्या पहिल्या केसेस १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये नोंदवल्या गेल्या. २०१३ अखेरपर्यंत जगभरात १,६०० च्या वर केसेस संशोधन साहित्यात आल्या होत्या. त्यातल्या बहुतेक व्हिएतनाम, थायलंड आणि चीनमधल्या.

रस्ते मुख्यतः दोन. पहिला म्हणजे हातावरची जखम. कच्चं मांस किंवा रक्त हाताळताना बोटावर कापलेलं असेल, तर जिवाणूला तेवढं पुरतं. युरोपात हा कसाई, कत्तलखान्यातले कामगार आणि डुक्कर पाळणाऱ्यांचा आजार मानला जातो. ब्रिटनमध्ये तर तो कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आहे.

दुसरा रस्ता म्हणजे खाणं. व्हिएतनाममध्ये 'तिएत कान्ह' नावाचा पदार्थ असतो. डुकराचं किंवा बदकाचं ताजं, न शिजवलेलं रक्त थिजवून त्यावर शेंगदाणे आणि हिरवा पाला घालून खातात. उत्तर थायलंडमध्येही कच्चं मांस आणि रक्त घातलेले पदार्थ आवडीने खाल्ले जातात. डुकराच्या रक्तात जिवाणू वाढत असेल तर तो थेट ताटात येतो.

आठवतंय ना, आयजीएम कापणारी कात्री माणसात चालत नाही? पण अंगरखा चालतो, चोरलेला पास चालतो आणि विषही चालतं. त्यामुळे माणसात येणं त्याला अवघड असलं तरी अशक्य नाही.

रक्तात गेल्यावर तो मेंदूकडे वळतो. काही जिवाणू मोकळेच वाहत जातात, तर काही पांढऱ्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला लटकून प्रवास करतात असं संशोधक मानतात. मग मेंदूच्या आवरणाला सूज येते, म्हणजेच मेनिंजायटिस होतो.

आणि या आजाराची सगळ्यात वाईट खूण म्हणजे बहिरेपण. मेंदूभोवतीच्या पाण्यातून संसर्ग आतल्या कानापर्यंत पोचतो. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीमधल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दगावणाऱ्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं, पण ज्यांची तपासणी झाली त्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू येणं कमी झालं होतं. अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड दिलेल्यांमध्ये ठार बहिरेपण कमी आढळलं. जगभरातल्या अभ्यासांची बेरीज केली तर मृत्यूचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास जातं.

मग सिचुआनमध्ये एवढे मृत्यू का झाले? तिथे पसरलेला वाण वेगळा होता. तो शरीराला इतका भडकवायचा की रोगप्रतिकारक यंत्रणाच हाताबाहेर जायची. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ऐकलेला शब्द म्हणजे 'सायटोकाइन स्टॉर्म', हे तसंच काहीसं. अशा वेळी फक्त जिवाणू मारून भागत नाही.

हा आजार माणसाकडून माणसाला कोरोनासारखा पसरत नाही, त्यामुळे 'नवी महामारी' वगैरे फॉरवर्ड आले तर तिथेच थांबवा.

मुद्दा अँटिबायोटिकवर येऊन थांबतो

दूध तोडल्यानंतरची ती धोक्याची फट भरायची कशी? जगभरात वर्षानुवर्षं वापरलेलं सोपं उत्तर म्हणजे अँटिबायोटिक. पिलं आजारी पडायच्या आधीच सगळ्या कळपाला खाद्यातून किंवा पाण्यातून पेनिसिलिनच्या गटातलं औषध द्यायचं.

यात अडचण अशी, की जेवढ्या जास्त जनावरांना जेवढं जास्त अँटिबायोटिक, तेवढे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार व्हायची शक्यता जास्त. ते फक्त डुकरातच राहतील याची खात्री नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या आयसीयूमधलं शेवटच्या फळीचं औषध. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या जिवाणूंमध्ये असा जीन सापडला, जो कोलिस्टिनला निकामी करतो आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. तो जीन माणसांतल्या नमुन्यांतही मिळाला. त्यानंतर चीनने जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालणं बंद केलं, आणि २०१९ मध्ये भारतानेही मांस, अंडी, दूध देणाऱ्या जनावरांसाठी आणि त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

युरोपियन युनियनने पुढचं पाऊल टाकलं. जानेवारी २०२२ पासून तिथे निरोगी कळपाला 'खबरदारी म्हणून' सरसकट अँटिबायोटिक द्यायला मनाई आहे.

निर्णय बरोबर आहे. पण मग पिलांचं काय? फट तर आहे तिथेच आहे.

लस का निघत नाही?

इथे तो साखरेचा अंगरखा पुन्हा आडवा येतो. या जिवाणूच्या कॅप्सूलचे साधारण ३० प्रकार आहेत. प्रकार २ ओळखायला शिकलेली अँटिबॉडी प्रकार ९ समोर आला तर बुचकळ्यात पडते, आणि युरोपातल्या अनेक फार्मवर प्रकार ९ भरपूर आहे. शिवाय साखर हा पदार्थ लसीसाठी तसा अवघडच. कोवळ्या पिलाचं शरीर नुसत्या साखरेच्या विरोधात दमदार अँटिबॉडी बनवत नाही.

सध्या बऱ्याच ठिकाणी त्या-त्या फार्मवर सापडलेला जिवाणू मारून त्याचीच लस बनवतात. तिचा उपयोग कधी होतो, कधी होत नाही.

आणखी एक पेच आहे. पिलाला फार लवकर लस दिली तर आईकडून आलेल्या अँटिबॉडी लसीचा परिणाम दाबतात. उशिरा दिली तर फट उघडलेली असते. त्यामुळे काही ठिकाणी व्यायच्या आधी डुकरिणीलाच लस देतात, म्हणजे चिकातून पिलाला जास्त शिदोरी मिळते.

म्हणूनच संशोधकांचं लक्ष आता अंगरख्याऐवजी हत्यारांकडे गेलंय. अंगरख्याचे रंग ३० असतील, पण आयजीएम कापणारी कात्री प्रकार कोणताही असला तरी जवळपास सारखीच असते. मग लस कात्रीच्याच विरोधात का बनवू नये? अशा लसीचे पिलांवर प्रयोग झालेत. कात्री बोथट झाली की आयजीएम शाबूत राहते, शाई लागते आणि न्यूट्रोफिल त्याचं काम करतो. जिवाणू रक्तात कसा टिकतो हे समजून घेण्याचा थेट फायदा तो हा.

आपल्याकडे काय?

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९०.६ लाख डुकरं आहेत. २०१२ च्या तुलनेत आकडा १२ टक्क्यांनी घटलाय. सगळ्यात जास्त डुकरं आसाममध्ये, सुमारे २१ लाख. ईशान्य भारतातल्या कितीतरी घरांसाठी डुक्कर म्हणजे अडीअडचणीला मोडायची ठेव असते. डुक्कर आजारी पडलं तर ते मरायच्या आत कापून निदान मांसाचे पैसे तरी करावेत, हा विचार सिचुआनच्या शेतकऱ्याने केला तसा जगातला कुठलाही गरीब शेतकरी करू शकतो. त्याला नुसतं 'कापू नका' सांगून भागत नाही. मेलेल्या जनावराची भरपाई मिळाली तरच तो ते पुरेल.

महाराष्ट्रात डुक्कर म्हटलं की बहुतेकांना गल्लीतलं मोकाट डुक्कर आठवतं. पण डुक्कर पाळणारे, मांस कापणारे आणि विकणारे लोक इथेही आहेत आणि हातमोजे घालून काम करणारे त्यात कमीच.

गोव्यात सोरपोतेलमध्ये पारंपरिक पद्धतीने डुकराचं रक्तही घालतात. मग ते धोक्याचं का? तर नाही, कारण सोरपोतेल चांगलं रटरटा शिजवतात. तिएत कान्ह आणि सोरपोतेल, दोन्हींत रक्त आहे. फरक चुलीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार डुकराचं मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला तापलं पाहिजे, किंवा त्यातून सुटणारं पाणी गुलाबी न राहता स्वच्छ दिसेपर्यंत शिजलं पाहिजे.

आणखी एक गोंधळ सोशल मीडियावर होतो. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमधून भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर हा विषाणूचा आजार आहे. तो डुकरांना मारतो, पण माणसांना होत नाही. स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू आहे आणि तो माणसांना होऊ शकतो. दोन्ही वेगळे.

थोडक्यात लक्षात काय ठेवायचं?

- आजारी किंवा मेलेलं डुक्कर कापू नका, विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
- कच्चं मांस आणि रक्त हाताळताना हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर ती झाका, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.
- कच्च्या मांसाची सुरी आणि पाट शिजलेल्या अन्नाला लावू नका. मांस आणि रक्त पूर्ण शिजवूनच खा.
- डुकराच्या कामानंतर काही दिवसांत जोराचा ताप, मान आखडणं, असह्य डोकेदुखी किंवा अचानक ऐकू न येणं असं झालं, तर लगेच हॉस्पिटल गाठा आणि 'मी डुकराचं काम करतो' हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त विसरला जातो. या जिवाणूवर पेनिसिलिन गटातली आणि त्यासारखी औषधं अजूनही चालतात, पण कान वाचवायचे असतील तर ती वेळेत सुरू व्हावी लागतात. रक्तात ओळख लपवणं ही या जिवाणूची सगळी ताकद आहे. डॉक्टरांना पेशंटचा धंदाच माहीत नसेल, तर तिथेही तो लपूनच राहतो.